उलटा मोजा

"हा सरळसरळ अन्याय आहे!" इरावतीने दप्तर कोपऱ्यात भिरकावलं.

पलीकडच्या गल्लीतले कुंभारकाका आज काठी टेकत, स्वतःच्या पायांनी कोपऱ्यावरच्या दुकानात आले होते. पावसाळ्याआधी ते गच्चीवरून पडले, त्याच आठवड्यात तिचा प्रसन्नदादा मल्लखांबावरून. दोघांचाही कणा कमरेच्या जरा वर मोडला. मग पन्नाशीचे काका चालायला लागले आणि विशीतला दादा अजून चाकांच्या खुर्चीत? असं कसं?

तिच्या प्रश्नांना न कंटाळणारा घरात एकच होता, मणक्या. दादाच्या व्यायामासाठी मिरजेच्या पुनर्वसन केंद्राने (दुखापतीनंतर पुन्हा हिंडतं-फिरतं करणाऱ्या संस्थेने) पाठवलेला यंत्रमानव. उंचीने पिंपाएवढा, बोलण्यात थेट मास्तर.

"कण्याच्या हाडांतून मज्जारज्जू (मेंदूचे निरोप ने-आण करणाऱ्या तंतूंची दोरी) जातो," तो म्हणाला. "हाडं सारखी मोडली म्हणून दोरी सारखीच दुखावते असं नाही. काकांची नुसती चेपली होती. पहिल्या दिवशीच ते पाय थोडे हलवत होते. दादाचे बरेच तंतू तुटले. मुळात इजा किती, यावर पुढचं पुष्कळ ठरतं."

"म्हणजे दादाचं संपलं?" इरावतीने विचारलं.

"संपलं कोण म्हणालं? पहिल्या दिवशी पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचलेली त्याला कळली होती. म्हणजे काही तंतू शाबूत आहेत. त्याला उचलायला धावलेल्या पोरांना मल्लखांबाच्या सरांनी अडवलं आणि पाठ हलू न देता फळीवरून नेलं. दोरीवरचा दाबही डॉक्टरांनी ऑपरेशन करून लवकर काढला. त्यात वय लहान. हे सगळं त्याच्या बाजूने आहे. आता उरला सराव, आणि तिथेच या घराचं चुकतंय."

"आमचं? आम्ही तर त्याला फुलासारखं जपतो!"

"तेच म्हणतोय मी. कूस आई वळवते, पाणी तू देतेस, मोजे तू घालतेस. उरलेले तंतू नव्या जोडण्या करू शकतात. याला मज्जासंस्थेची लवचीकता (वापराप्रमाणे बदलण्याची शक्ती) म्हणतात. पण काम पडलं तर ना! तुम्ही त्यांना कामच ठेवलं नाही."

इरावतीला रडू फुटलं. आजारी माणसाने घरात काडी हलवायची नाही, हा आईचा नियमच होता. आणि दादाचे मोजे घालणं तर तिचं सगळ्यात लाडकं काम.

सकाळी हाक आली, "इरे, मोजे!"

तिने मोजे त्याच्या मांडीवर ठेवले आणि हात मागे बांधून उभी राहिली. "तू घाल."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं, वेडी आहेस की काय? भाऊ आजारी आहे तुझा!"

"आई, थांब ना गं."

"कळलं," दादा तुसडेपणाने म्हणाला. "कंटाळलीस मला."

ते तिला फार लागलं. पण ती जागची हलली नाही. दादाने दोन्ही हातांनी पाय उचलून मांडीवर घेतला. मोजा निसटला. पुन्हा निसटला. दादा चिडला, घामाघूम झाला, आणि शेवटी एकदाचा मोजा पायात गेला. उलटा गेला होता, पण इरावतीने त्याला हात लावला नाही.

दादाच्या कपाळावर आठी पडली. "इरे, करंगळीला काय टोचतंय बघ."

आई पोळीचं पीठ लागलेल्या हातांनीच त्याच्या पायाशी वाकली. मागच्या तपासणीत ती करंगळी ठार बधिर होती! टोचत होती ती उलट्या मोज्याची शिवण.

"मणक्या, हे आत्ता झालं?" इरावती ओरडली.

"छे! एका मोज्याने असं होत नसतं. ही संवेदना हळूहळू परतत असणार. तू रोज मोजे नीट घालायचीस, म्हणून कुणाला कळलं नाही."

"मग चालेल तो?"

"ते आज कुणीच सांगू शकणार नाही. पण करंगळीचा निरोप मेंदूपर्यंत पोचतोय, एवढं खरं."

दुसरा मोजा खाली पडला होता. उचलायला इरावती सवयीने वाकली.

"हात लावायचा नाही," दादा म्हणाला. त्याने वाकून, धडपडत मोजा उचलला, मुद्दाम उलटा केला आणि घालायला घेतला.