खंडेनवमीचं तेल

"अंगणात आलास, तेवढं पुरे! उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई. गाडी नीट कर, बहिणीला सासरी पोचव, आनि आल्या वाटेनं चालता हो!"

नागप्पांचा आवाज सोलापूरच्या बाळीवेशीतल्या त्या चिंचोळ्या बोळात असा घुमला की घाण्याच्या बैलानंसुद्धा मान वर केली. चन्नवीरनं खांद्यावरची हत्यारांची पिशवी हळूच खाली ठेवली. पाच वर्षांनी बाप दिसत होता... केस पार पिकले होते, हातात काठी आली होती. पण डोळ्यांतला अंगार मात्र तसाच! पाया पडावं म्हणून तो वाकला, तर म्हाताऱ्यानं पाय मागं घेतले.

दाराआड दाक्षायणी पदरात तोंड खुपसून रडत होती. हा सगळा घाट तिनंच घातला होता. अक्कलकोटचं स्थळ ठरलं आणि पोरीनं बापाला बजावून सांगितलं, "अव्वाची लई इच्छा हुती, मला आपल्या जीपमधनं सासरी धाडायची. मी जाईन तर तिच्यातनंच, आनि तिला हात लावंल तर माझा अण्णाच! न्हाईतर मांडव घालू नका." नागप्पा एरवी कुणाला जुमानणारे नव्हेत, पेठेतले व्यापारी त्यांना चळाचळा कापत. पण लेकीपुढं भल्याभल्यांचं काही चालत नाही, तिथं ह्यांचं काय चालणार!

अंगणाच्या कोपऱ्यात लिंबाखाली ती जीप उभी होती. लष्कराच्या लिलावात नागप्पांनी मोठ्या हौसेनं घेतलेली, कुंभारीच्या शेतातून करडईची पोती वाहून आणणारी, साऱ्या गल्लीची लाडकी जीप! आता तिच्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती, टायर जमिनीला चिकटले होते, आणि सीटखाली मांजरीनं बिनभाड्याचा संसार थाटला होता. चन्नवीरनं बॉनेटवर हात ठेवला मात्र, आणि ती वैशाखातली दुपार त्याच्या काळजात पुन्हा कडाडून उठली...

पाच वर्षांपूर्वीची, दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट होती ती. कुंभारीच्या मळ्यात त्याच्या अव्वाच्या, आई काशम्मांच्या, पोटात एकाएकी असह्य कळा सुरू झाल्या. चन्नवीरनं जीप काढली. नागप्पा मागं बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसले. सोलापूर दिसू लागलं, आणि ओढ्याच्या चढावर गिअरबॉक्समध्ये काहीतरी करकरलं आणि गाडी जागीच थिजली! गिअर मागं येईना, पुढं जाईना. चन्नवीर घामानं निथळत झटत राहिला, आई कण्हत राहिली... कुणाची तरी बैलगाडी मिळेपर्यंत सूर्य कलला, आणि शहराची वेस यायच्या आत काशम्मांनी डोळे मिटले.

गणपतीच्या दिवसांत तो गिअरबॉक्स चन्नवीरनंच उघडून दुरुस्त केला होता. मग काय विचारता! तेराव्याच्या आधीच नागप्पांनी भरल्या भाऊबंदांत बोट रोखलं होतं, "ह्यानं गाडी उघडली, ह्याच्याच हातानं माझी लक्ष्मी गेली! ह्याचं तोंड मला दावू नका!" आणि चन्नवीर... चन्नवीर एक अक्षर न बोलता घराबाहेर पडला होता. पुण्याच्या एका गॅरेजात त्यानं दिवस काढले. पण बोलला नाही तो नाहीच.

का बोलला नाही? कारण दुसऱ्या दिवशी ओढ्यावरून जीप ओढून आणताना त्यानं गिअरबॉक्सचा बूच उघडून आत बोट घातलं होतं. त्यानं भरलेलं काळं, उग्र वासाचं गिअर ऑईल तिथं नव्हतंच! बोटाला आला होता मधासारखा पिवळा, घट्ट चिकटा... आणि वास? वास त्याच्या घराचा होता. करडईचा!

त्या घराची पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. खंडेनवमीला नागप्पा अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून घाण्याचं तेल काढायचे आणि घरातल्या एकूण एक हत्याराला त्याचा नैवेद्य दाखवायचे. घाण्याला, नांगराला, तराजूला, विळीलासुद्धा! त्या वर्षी चन्नवीर कामासाठी परगावी होता. घरात देवाचं तेल असताना गाडीच्या पोटात बाहेरचं काळं पाणी कशाला, असं म्हणून अप्पांनी ते ओतून दिलं असणार आणि मोठ्या भक्तिभावानं आपलं सोन्यासारखं तेल भरलं असणार. दुसऱ्या कुणाची छातीच नव्हती! भाकरीवर अमृत असणारं ते तेल उन्हातान्हात आटून रोगण होतं, घाण्याच्या लाकडी लाटेवर सांडलं तर नखानं खरवडूनही निघत नाही, हे तेल काढणाऱ्या त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. पण श्रद्धेच्या भरात कुणाला सुचतंय! तेल थिजलं, बेअरिंग कोरडं पडून जळालं, आणि...

चन्नवीरनं तो बूच घट्ट बसवला होता. आई तर गेली. आता बापाचं उरलेलं आयुष्य तरी जळू नये, एवढंच त्याच्या मनात आलं होतं. आताही त्याचा निश्चय तोच होता. गाडी चालू करायची, गिअरबॉक्स बापाच्या नजरेआड धुऊन काढायचा, आणि बहिणीला पोचवून परत निघून जायचं.

कामाला त्यानं वाघासारखी सुरुवात केली. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, ठोकून सरळ केला, खाचाखोचांत लांबी भरून घासला. चाकांना ताकद पोचवणारे शाफ्ट उतरवून त्यांच्या सांध्यांतले क्रॉस बदलले. ऊन डोक्यावर आलं तरी मान वर नाही. दाक्षायणी जेवण बाहेर आणून द्यायची, तो लिंबाखाली बसून जेवायचा. आणि समोर कट्ट्यावर नागप्पा! काठीवर हनुवटी टेकून, एकेक बोल्ट निघताना डोळ्यांत तेल घालून बघत. गिअरबॉक्सला मात्र चन्नवीर हात लावेना. सोमवारी अप्पा सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातात, तेव्हाच तो उघडायचा, असा त्यानं बेत केला होता.

सोमवार उजाडला. म्हातारा कट्ट्यावरून हलला नाही.

"अप्पा, देवळात जायचं न्हाई?"

"आज देव हितंच हाय. उघड ती पेटी! माझ्यादेखत उघड. काय करून ठेवलं हुतंस ते मला बघायचं हाय!"

चन्नवीरनं पाना पाठीमागं धरला. "नका बघू, अप्पा... माझीच चूक हुती. मला कबूल हाय. पाया पडतो तुमच्या, तुमी आत जावा!"

"पाच वर्सं तोंडात मूग धरून बसलास, आनि आज कबूल करतोस व्हय? सर बाजूला!"

नागप्पांनी पाना हिसकावला. पण बोल्ट त्यांना थोडाच निघतोय! शेवटी बापाची ती धडपड बघवेना, म्हणून लेकानंच बोल्ट काढले आणि डोळे मिटून झाकण उचललं.

आत दातऱ्या चाकांवर पिवळट तांबूस चिकटा थिजून बसला होता. नागप्पांनी हात घातला. एक तुकडा खरवडून काढला, आणि उभ्या जन्माच्या सवयीनं, प्रत्येक घाण्याचं तेल पारखताना करायचे तसं, अंगठा आणि बोटात चोळून नाकाशी नेला.

त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"हे... हे तर आपलं हाय." आवाज कुठून तरी खोलातून येत होता. "खंडेनवमीला... मीच भरलं की रं हे! तुझं काळं तेल मातीत ओतून... काशी बघत हुती... म्यां तिला म्हनलं, पोराला अक्कल न्हाई..."

काठी खाली पडली. म्हातारा तिथंच मातीत बसला.

"तुला ठावं हुतं?"

चन्नवीरनं मान डोलावून पडलेली काठी उचलली.

"मंग बोलला का न्हाईस रं! मी तुला दारातनं हाकललं... पाहुण्यारावळ्यांत तुझं तोंड काळं केलं... का न्हाई बोललास?"

"काय बोलू, अप्पा?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चन्नवीरचा बांध फुटला. "अव्वा एकदाच गेली. तुमी रोज मेला असता!"

नागप्पांनी तो तेलकट हात दगडावर आपटायला उचलला, तोच लेकानं तो दोन्ही हातांनी धरला. "नका, अप्पा! ह्या हातानं पूजा केली हुती... जीव घेतला न्हाई!"

दाक्षायणी धावत बाहेर आली. तिघंही एकमेकांच्या गळ्यात पडून किती वेळ रडत होते कोण जाणे! मग नागप्पांनीच धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि लेकाचा दंड धरला. "चल आत. अव्वाच्या फोटोम्होरं मी माझ्या तोंडानं सांगतो. मांडवातबी सांगीन, समद्यांच्या देखत."

"येतो, अप्पा. पर गिअर असा उघडा टाकून कसा येऊ? धूळ बसंल. लग्न तोंडावर आलंय."

"मंग मीबी हितंच बसतो," म्हातारा म्हणाला. त्यांनी रॉकेलनं भरलेली लोखंडी पाटी पुढ्यात ओढली, बाह्या सारल्या, आणि लेकानं सोडवून दिलेली दातरी चाकं एकेक करून घासायला घेतली. दाक्षायणीनं दोघांची ताटं बाहेरच आणली. ती तशीच निवत राहिली. चिकटा सुटता सुटत नव्हता आणि म्हातारा काही सोडत नव्हता. दुपार कलता कलता पहिलं चाक लखलखीत झालं. ते लेकाच्या हातात देऊन, उभ्या जन्मात तेलाच्या बाबतीत कुणाला सल्ला न विचारलेल्या त्या माणसानं खालच्या मानेनं विचारलं,

"ह्यात आता कंचं तेल घालायचं... तू सांग."

"नव्वद नंबरचं, अप्पा. काळं असतंय... वासबी मारतंय."

"मारू दे," नागप्पा म्हणाले आणि त्यांनी दुसरं चाक पाटीत बुडवलं.