धुण्याचा दगड

गिरजाने लुगड्याचा पिळा डोक्यावर उचलला, आता आपटणार तोच मागून आवाज आला, "जरा थांबता का?"

वळून पाहिलं तर तलावाच्या पाळीवर एक चष्मेवाला तरुण. बूट चिखलाने भरलेले, आणि नजर... नजर तिच्यावर नव्हतीच. ती होती तिच्या धुण्याच्या दगडावर. सिंदेवाहीपासून चांद्यापर्यंत मासेमार ढिवराची अशी देखणी पोर शोधून सापडली नसती, आणि हा बेटा दगड पाहत होता.

"काऊन जी भाऊ? दगड तुमच्या घरचा हाये का?"

त्याचं नाव मुकुंद. जुन्या मूर्ती, जुने दगड शोधून नागपूरला पाठवायचे, हे त्याचं काम. नोकरी अजून कच्ची होती. मुक्काम शाळेच्या पडवीत.

त्याने आणलेल्या गड्यांनी दगड उलटा केला आणि इतकी वर्षं जमिनीकडे तोंड करून पडलेली बाजू वर आली. हातात धनुष्य घेतलेला वीर, माथ्यावर चंद्र-सूर्य. गावाने पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पाठीवर धुणं बडवलं होतं. गिरजाने तोंडावर हात ठेवला.

इतिहास तिला कधीच आवडला नव्हता. चौथीपर्यंत शिकली ती. गुरुजी सनावळ्या घोकून घेत आणि पानिपतचं साल चुकलं की छडी देत. इतिहास म्हणजे लांबच्या मोठ्या लोकांची भांडणं, अशीच तिची समजूत. आणि हा तर तिच्याच तलावाकाठी निजला होता.

"नाव काय याचं?"

"ते कुठेच कोरलेलं नाही. गावासाठी लढताना पडला असेल."

"मंग आमच्यातलाच कोनी असन," ती म्हणाली आणि त्या दगडी बोटांवरची माती पदराने पुसू लागली. तेव्हा कुठे मुकुंदने दगडावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

मग काय... झपाटल्यासारखी ती गाव धुंडाळू लागली. तलाव कोणी खोदला, पाळीतलं ते तुटकं बांधकाम कोणाचं, विचारून विचारून म्हाताऱ्यांना तिने बेजार केलं. जे कळेल ते धावत जाऊन मुकुंदला सांगायचं. तो ऐकायचा, हसायचा, तिच्या केसांत अडकलेली धानाची काडी हळूच काढायचा. एकदा म्हणाला, "एक कर. मला भाऊ म्हणू नकोस."

"मंग काय म्हनू?"

"ते... तूच ठरव."

तिने काहीच ठरवलं नाही. नुसतं 'अवो' म्हणायची, आणि तेवढ्यानेही तिचे कान लाल व्हायचे.

इकडे दगडाला शेंदूर लागला. जाळ्यातला पहिला मासा त्याच्यापुढे ठेवायचा, असं ढिवरांनी ठरवलं. दगड न्यायचा म्हटल्यावर गिरजाचा बाप मनसाराम आडवा आला. वीर आमचा, तो इथंच राहील, म्हणाला. मुकुंद काकुळतीला आला. दगड नागपूरला पोचला की नोकरी पक्की, आणि मग लगेच येऊन तुझ्या बाबांशी बोलतो, असं त्याने गिरजाचा हात हातात घेऊन सांगितलं. कशाबद्दल बोलणार, हे विचारायची तिला गरजच वाटली नाही. तिने बापाचे पाय धरले.

"तिथी लोकं पाहतीन, बाबा. आपल्या गावाचं नाव होईन."

लेकीपुढे मनसारामचं चाललं नाही.

बैलबंडीत धानाचं तणस अंथरून दगड ठेवला. गिरजा चाकाजवळ येऊन हळूच म्हणाली, "अवो... हा कोनाले भेटला मनून सांगसान तिथी?"

मुकुंद दोर आवळत होता. "मला," म्हणाला. सहज. मग तिचा चेहरा पाहून गडबडला. "म्हणजे... तसंच सांगावं लागतं, गिरजा."

"अन गावाचं नाव?"

"चांदा जिल्हा... एवढं पुरतं."

गिरजा चाकापासून मागे सरली. ज्याला गावाचं नाव जड झालं, तो तिचं काय नेणार होता? तो परत येणार नाही, हे तिला इतकं स्वच्छ कळलं की रडूसुद्धा आलं नाही. राग आला तो स्वतःचाच, बापाचे पाय धरल्याचा. बंडी हलली तसा तो म्हणाला, "लवकर येतो मी."

"संभाळून जाजा, भाऊ."

तो दचकला. पण बैल चालू लागले होते, आणि त्याने काही बंडी थांबवली नाही.

त्या उन्हाळ्यात पहिला मासा मनसारामने रिकाम्या खड्ड्यापुढे ठेवला आणि लेकीकडे पाहिलं नाही. गिरजाने धुण्यासाठी दुसरा दगड हेरला. त्याच्यावर पाणी टाकण्याआधी तिने तो एकटीने, नखं मोडेपर्यंत जोर लावून उलटा केला. खालून नुसता चिखल निघाला. तिने तो बोटांनी साफ केला, पुन्हा एकदा नीट पाहिलं, आणि मग लुगडं आपटायला घेतलं.