एकनाथरावांनी पास केलेली बिल्डिंग

गोष्ट खोटी वाटली तर खुशाल सोडून द्या. पण ज्यांच्यावर ही गुदरली ते एकनाथराव माझे सख्खे काका आहेत आणि आजही हैदराबादेतच राहतात. त्यांच्या तोंडून मी हे तीनदा ऐकलंय. तिन्ही वेळा एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी रात्र शोधतात. इथे रात्र नाही. सत्त्याण्णव सालचा मे महिना, शनिवार, दुपारचे तीन. जागा तारनाक्याची. रेल्वे क्वार्टर्सच्या मागे नवी उठलेली चार मजली बिल्डिंग.

त्या वर्षांत शहराला फ्लॅटचं वेड लागलं होतं. बंगला दिसला की पाडायचा आणि बिल्डिंग ठोकायची. बिल्डिंगी वाढल्या तशी लहान मुलं पडायला लागली. गॅलरीच्या गजांतून डोकं घालायचं, डोकं गेलं की मागून अंग जायचं. चार-पाच घरं अशी उजाड झाल्यावर राज्य सरकारनं कायदा केला. दोन गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट नको. सरकारी माणसानं तपासून सही केल्याशिवाय बिल्डिंगला पाणी नाही, वीज नाही.

काका त्याच तपासणीच्या खात्यात होते. खात्यानं प्रत्येकाला एक लाकडी गोळा दिला होता, बरोबर चार इंच रुंद. गजांच्या मध्ये तो लावून बघायचा. गोळा आरपार गेला तर मुलाचं डोकंही जाणार, म्हणजे बिल्डिंग नापास. इतकं साधं काम.

हे साधं काम काकांनी कधी केलं नाही.

मी त्यांची पुतणी, तरी बोलणारच. काका कुणाचा एक पैसा खाणारे नव्हते आणि त्याचा त्यांना भारी तोरा. पैसा घेतला नाही म्हणजे आपण स्वच्छ, असं ते धरून चालले होते. पण त्यांचे गुडघे दुखायचे. मग खाली वॉचमनच्या खाटेवर बसायचं, चहा प्यायचा आणि फॉर्म भरायचा. फ्लॅटमागून फ्लॅट, तोंडानं पुटपुटत, "तीन इंच... तीन इंच... तीन इंच..." खाली सही. गोळा पिशवीतच.

तारनाक्याची बिल्डिंगही त्यांनी अशीच पास केली.

सहा महिन्यांनी काय व्हावं? काकांची एकुलती एक मुलगी रसिका नवऱ्याला घेऊन त्याच बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायला आली. तिसऱ्या मजल्यावर. सोबत दीड वर्षाचा तेजस. नुकता चालायला लागलेला, घरभर पळणारा. घर का घेतलं, तर म्हणे बाबांनी पास केलेली बिल्डिंग आहे, पोराची काळजी नाही. सगळ्या नातेवाइकांना ती हे अभिमानानं सांगायची.

काका ते ऐकून विषय बदलायचे.

एका दुपारी तिच्या घरी सगळे झोपलेले बघून त्यांनी पहिल्यांदा तो गोळा पिशवीतून काढला. गॅलरीत गेले. गजांमध्ये धरला.

गोळा सर्रकन बाहेर गेला... आणि खाली अंगणात पडला.

फट साडेपाच इंच होती.

त्याच वेळी मुलीला उठवून सांगायचं होतं. नाही सांगितलं. लाज आडवी आली. त्याऐवजी खाटेची नवार आणून गजांना आडवीतिडवी बांधली, कबुतरं बसतात म्हणून सांगितलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले. त्यानं काकांचीच सही काकांपुढे धरली. तुम्हीच पास केलंय साहेब, आता कशाला उकरून काढता, आणि फार बोललात तर आधी तुमचीच नोकरी जाईल, असं तोंडावर सुनावलं. काका खाली मान घालून परत आले. सोमवारी स्वतःच वेल्डर बोलवायचा, गुपचूप एक-एक गज जास्तीचा बसवून घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

मध्ये फक्त शनिवार-रविवार होता.

शनिवारी रसिका आणि किशोर, म्हणजे आमचे जावई, सुलतान बाजारात गेले. तेजसला आजोबांजवळ ठेवलं. काकांनी गॅलरीचं दार लावलं, वरची कडी घातली. तेजसला गादीवर थोपटून निजवलं आणि दाराला पाठ लावून बसले. वीज गेलेली. पंखा बंद. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

तीन वाजले असतील.

खालून आवाज आला...

टक्.

लोखंडावर लाकूड टेकवल्याचा. थोडा वेळ काही नाही. मग शेजारच्या गॅलरीतून...

टक्.

काकांना वाटलं, सेक्रेटरीनं घाबरून सुतार-लोहार बोलावला असेल. जरा हायसंच वाटलं. आवाज तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर आला. घाई नाही, गडबड नाही. एक गॅलरी झाली की दुसरी. कुणीतरी नीट तपासणी करत होतं. जी काकांनी करायला हवी होती ती.

आवाज दुसऱ्या मजल्यावर आला तेव्हा त्यांना शब्द ऐकू आले.

टक्... "तीन इंच."

टक्... "तीन इंच."

अख्ख्या बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारं घर एकच होतं. ते ज्या घरात बसले होते ते.

आणि आवाज त्यांचाच होता.

तोच घोगरेपणा. 'इंच' म्हणताना तीच थुंकी गिळायची सवय. काका सांगतात, स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की आधी भीती वाटत नाही, आधी शिसारी येते. भीती मागून येते.

ते उठले. पुढचं दार उघडून जिन्यात डोकावले. सगळी दारं बंद. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. एवढ्या घरांत मुलंबाळं होती, पण एकाही घरातून भांड्याचा, रडण्याचा, खोकल्याचा आवाज नाही. नुसती शांतता.

मग त्यांच्या मागे, घराच्या आतून...

टक्.

गॅलरीतून. कडी घातलेल्या दारापलीकडून.

या वेळी ते "तीन इंच" म्हणालं नाही. त्याऐवजी खाली अंगणात काहीतरी धप्प करून पडलं.

जड. मऊ.

काकांनी गादीकडे बघितलं, तर तेजस शांत झोपलेला. छाती वरखाली होत होती. म्हणजे आपला नाही, दुसऱ्या कुणाचा तरी पडला, हे मनात आलं आणि आपला नाही म्हणून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची त्यांना आजही लाज वाटते. त्यांनी धावत जाऊन कडी काढली, दार उघडलं, कठड्यावरून खाली बघितलं.

अंगणात काही नव्हतं. कोरडी फरशी आणि ऊन.

मग त्यांचं लक्ष पायाशी गेलं. गजांना बांधलेली नवार सुटली होती. तुटली नव्हती. कुणीतरी गाठी सोडून, नीट गुंडाळी करून ती कोपऱ्यात ठेवली होती.

दार आपणच उघडलंय, हे काकांच्या तेव्हा लक्षात आलं.

ते वळले. गादी रिकामी...

तेजस त्यांच्या पायांशेजारीच होता. गॅलरीच्या टोकाला. डोकं गजांच्या बाहेर, एक खांदाही बाहेर. रडत नव्हता. हसत होता. बाहेर, जिथे तीन मजले खोल नुसती हवा आहे, तिथे बघून दोन्ही हात पुढे करत होता. कडेवर घे म्हणताना मूल करतं तसे.

काकांनी झडप घातली आणि त्याचा पाय धरला.

ओढलं. येईना.

कारण दुसऱ्या बाजूनंही कुणीतरी ओढत होतं. दीड वर्षाच्या मुलाचं ते वजन नव्हतं. मोठ्या माणसाच्या ताकदीनं कुणीतरी पोराचे हात धरून खेचत होतं. काकांनी दोन्ही पाय गजांवर रोवले. गुडघ्यांचं दुखणं तेव्हा कुठे गेलं कोण जाणे. तोंडात देवाचं नाव येईना, मग जे आलं ते बोलले.

"नापास! नापास आहे ही बिल्डिंग! मी बघितलं नव्हतं!"

पलीकडची ओढ सुटली. काका पोरासकट मागे आपटले.

तेजसच्या कानामागे खरचटलं होतं आणि दोन्ही मनगटांवर बोटांचे वळ होते. तो किंचाळत होता. पण पडून लागलं म्हणून नव्हे. काकांच्या तोंडाकडे बघून किंचाळत होता. एकदा गॅलरीकडे बोट करायचा, एकदा काकांकडे.

"आबा... तिते आबा..."

काकांना तो आबा म्हणायचा.

संध्याकाळी रसिका आली तेव्हा काकांनी सगळं सांगून टाकलं. वॉचमनची खाट, चहा, फॉर्म, सही. भुताचं तिनं नीट ऐकलंच नाही. तिनं पोराला छातीशी धरलं आणि एवढंच विचारलं, "बाबा, अशा किती बिल्डिंगी आहेत?"

काका बोटांवर मोजू लागले, दोन्ही हातांची बोटं संपली. रसिका त्याच रात्री सासरच्या लोकांकडे निघून गेली. त्यानंतर तेजस काकांच्या जवळ कधीच गेला नाही. आता त्याला मिसरूड फुटलंय, पण काकूला भेटायला आला आणि काका खोलीत आले की तो उठून जातो.

काकांनी काय करावं? सोमवारी साहेबापुढे जाऊन लेखी कबुली दिली. साहेबानं कागद फाडला आणि सक्तीच्या रजेवर पाठवलं. कायदा चांगला चाललाय, म्हणे, वर्षभरात एकही बिल्डिंग नापास नाही. मग काका पास केलेल्या बिल्डिंगी मोजायला स्वतःच निघाले. खात्याचा गोळा त्या दिवशी अंगणात पडला तो गेलाच होता, म्हणून साधी पट्टी घेतली. पहिली बिल्डिंग गौलीगुड्याची. दुपारची वेळ. या वेळी खाटेवर न बसता ते तडक जिन्याकडे गेले.

वॉचमननं हटकलं. "साब, आप तो अब्बीच ऊपर गए ना?"

काका धावले. चौथ्या मजल्यावर एक दार उघडं होतं. आत बाई स्वयंपाकघरात, आणि गॅलरीत तीन वर्षांची एक मुलगी, अर्धी गजांच्या बाहेर. काकांनी तिला कमरेला धरून आत ओढलं. वेळेवर. मुलगी वाचली, हे मी पुन्हा सांगते. वाचली.

पण तिच्या ओरडण्यानं आई बाहेर आली. तिनं काय बघितलं? एक परका म्हातारा, आणि त्याच्या हातात आपली मुलगी. मुलगी काकांकडे बोट दाखवून सांगत होती की हाच बाहेरून बोलवत होता. बाईनं आधी पोळपाट फेकला, मग बिल्डिंग गोळा केली. काकांना जिन्यावरून मारत खाली आणलं. बाई ओरडत होती, "यहीच था! रोज दोपहर को आता था गॅलरी में, बच्ची बोलती थी, मैं मानती नहीं थी!"

रोज दुपारी.

काकांचा हात मोडला होता. पोलिसांनी ताकीद देऊन सोडलं, लहान मुलं असलेल्या बिल्डिंगच्या आसपास पुन्हा दिसायचं नाही म्हणून. त्यांनी सगळ्या पत्त्यांवर पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. गज तसेच आहेत. काही घरांतली त्या वेळची मुलं आता मोठी झाली असतील, पण घरांत नवी जन्मत असतात.

काका आता घराबाहेर पडत नाहीत. रसिका त्यांच्याशी बोलत नाही. फक्त रोज दुपारी तीनला तिचा फोन येतो. ते घरात आहेत का, एवढंच ती काकूला विचारते. मागच्या दिवाळीत मी तिथेच होते. फोन मीच उचलला. काका माझ्यासमोर आरामखुर्चीत बसले होते. मी म्हटलं, हो गं, आहेत ना घरात, माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

फोनमध्ये, तिच्या मागे कुठेतरी, लोखंडावर लाकूड टेकवल्यासारखं वाजलं... टक्.

"बाहेर असते तर बरं झालं असतं," रसिका म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.