यादीतला शेवटचा

मुलाखतीच्या खोलीबाहेर एकच बाक होता, आणि त्यावर तो आधीच बसला होता.

"जरा सरकता का?" तिने विचारलं.

तो सरकला... इतका, की पडता पडता वाचला.

ज्युनिअर प्रोग्रामरच्या एका जागेसाठी नऊ जण आले होते. यादीत ती आठवी, तो नववा. तिने लॅपटॉप उघडला. दवाखान्यासाठी केलेला तिचा छोटा प्रोग्राम रुसून बसला होता — दिवसाचा शेवटचा पेशंट यादीतून गायबच व्हायचा.

त्याने वाकून पाहिलं. "मोजणी एक घर आधी थांबतेय. घ्या की बिचाऱ्याला आत."

एक आकडा बदलला, आणि पेशंट आला.

"मी तीन दिवस डोकं फोडत होते."

"शेवटच्यांचं दुःख मला कळतं," तो यादीकडे बघत म्हणाला. ती खुदकन हसली.

आत मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी फळ्यावर कोड लिहायला सांगितला. तिने झरझर लिहिला. मग तो गेला. काचेतून तिला दिसलं — मॅडम बघत राहिल्या, तसा त्याचा हात थरथरायला लागला. फळा कोराच राहिला.

मॅडम बाहेर येऊन तिला म्हणाल्या, "अभिनंदन. जागा तुझी."

घरी तिची आई फोनची वाट बघत होती. तरी ती म्हणाली, "मॅडम, ते उत्तर मी पाठ करून आले होते. माझी खरी चूक मात्र ह्यांनी शोधली, इथे, बाकावर."

"तुझी जागा जाईल, कळतंय ना?"

"कळतंय... तरी सांगतेय."

मॅडमनी दोघांकडे पाहिलं. "आमचा एक बिघडलेला प्रोग्राम देते. आत बसून दोघं मिळून बघा. मी बाहेर थांबते."

त्याने चूक शोधली. ती पुन्हा होऊ नये म्हणून तपासणी तिने लिहिली. तासाभराने मॅडम म्हणाल्या, "दुसरी जागा मी वरून मागून घेते. उद्या दहाला या."

जिन्यात तिने कागद पुढे केला. "नंबर द्या."

पेन थरथरलं.

"आता कुठे परीक्षा आहे?"

"तुम्ही बघताय ना..."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तो बराच वेळ लिहीत होता. एका नंबराला एवढा वेळ?

तिने वळून कागद घेतला. नंबराखाली एक ओळ होती —

'उद्या बाकावर सरकणार नाही.'