बाबांची बटणं

“रडू नका हो... कीबोर्डमध्ये पाणी जाईल!”

टेबलापलीकडे मदतीला बसलेला तरुण असं म्हणाला, आणि हसावं की त्याला एक ठेवून द्यावी, मला कळेना.

वाचनालयात दर शनिवारी प्रोग्रॅमिंगच्या नवशिक्यांसाठी मदतीचं टेबल असतं. मी चष्म्याच्या दुकानातली, माझा काय संबंध! पण अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांची वाचा गेली. मग मी व्हिडिओ बघून बघून लॅपटॉपच्या टचस्क्रीनवर एक खिडकी बनवली. पाच मोठी बटणं. दाबलं की लॅपटॉप बोलणार.

बाबांनी ‘पाणी’ दाबलं. लॅपटॉप म्हणाला, “झोपायचंय.” ‘दुखतंय’ दाबलं. “झोपायचंय.” बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून हात लावला नाही. आता ते पुन्हा कधीच बोलले नाहीत तर? लॅपटॉप उचलून मी थेट त्या टेबलाशी आले होते.

त्यानं माझा प्रोग्रॅम वाचला. “पाचही बटणं एकाच फेऱ्यात बनवलीत ना? मग दाबल्यावर प्रत्येक बटण विचारतं, आता शब्द कुठला? तोवर फेरा शेवटच्या शब्दावर, ‘झोपायचंय’वर, येऊन थांबलेला. बटण बनवतानाच ज्याचा शब्द त्याच्या पदरात टाकायचा. मी लिफ्टचे प्रोग्रॅम लिहितो... माझ्याकडून असं झालं तर सगळी बिल्डिंग पाचव्या मजल्यावर उतरेल!”

मी हसले. रडताना हसणं फार वाईट दिसतं म्हणतात. तो मात्र बघतच राहिला.

एका ओळीची दुरुस्ती. पण बाबा? त्यांनी लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी पुढच्या शनिवारी गेले, त्याच्या पुढच्याही. बटणं डाव्या हाताशी आणली, अक्षरं मोठी केली. ‘अहो’चं कधी ‘अगं’ झालं, कळलंच नाही. तो माऊसवरचा माझा हात हलकेच बाजूला करायचा, आणि मला समोरची ओळ दिसेनाशी व्हायची. घरी आले की पुन्हा तेच. बाबा आणि भिंत.

मंगळवारी दाराची बेल वाजली. लिफ्टवाला!

“आज शनिवार नाहीये,” मी म्हणाले.

“माहितीये.”

तो थेट बाबांच्या पलंगाशी जाऊन बसला. मी लगेच सुरू झाले, “बाबा, बघा ना, एकदाच... आता नीट चालतंय, खरंच... नुसतं बोट ठेवा...”

“काका,” तो मध्येच म्हणाला, “हिनं सगळी आजाऱ्याची बटणं केलीत. माणसाला राग आला तर त्यानं काय दाबायचं?”

बाबांनी मान वळवली. त्यानं मांडीवर लॅपटॉप घेऊन सहावं बटण बनवलं आणि बाबांपुढे सरकवलं. बाबांचं बोट हळूहळू पुढे आलं... थांबलं... माझ्याकडे बघत त्यांनी दाबलं.

“कटकट बंद कर!”

आई स्वयंपाकघरातून धावत आली. बाबा तोंड वाकडं करून हसत होते. पुन्हा दाबलं, पुन्हा. मी ओंजळीत तोंड लपवून रडले.

तो निघाला, तशी मी दारापर्यंत गेले. काम झालं, आता हा कशाला येईल?

“झालं की सगळं,” तो चपला शोधत म्हणाला. “आता तुला मदतीच्या टेबलावर यायची गरज नाही...”

“नाही.”

“मग मी... म्हणजे शनिवारी... म्हणजे तुला कळलं असेलच...”

“काही कळलं नाही. नीट सांग. या घरात आजपासून सगळे स्पष्ट बोलतात.”

त्याचे कान लाल झाले. “आवडतेस तू मला. आता तू बोल.”

“मलाही,” मी म्हणाले. “कधीपासून...”

तेवढ्यात आतून लॅपटॉपचा आवाज आला. “पाणी.”

मी वळले, पण त्यानं पायातली चप्पल केव्हाच काढली होती.

“थांब, मी देतो,” तो म्हणाला. “तुमच्याकडे पेले कुठे असतात?”