सगळ्यांत शेवटी

त्या सकाळी माझ्या दवाखान्यात आठ जवान दात दाखवायला आले आणि बाकावर असे ताठ बसले, की वाटावं दातांनाही कुणीतरी सावधान म्हटलंय. त्यांच्या मागे त्यांचा कॅप्टन उभा होता. उजवा गाल एवढा सुजलेला, की तोंडात आख्खं लिंबू धरलंय की काय...

"तुम्ही आधी या," मी म्हणाले.

"छे... आधी माझी मुलं."

"मुलं? ह्यांच्यातल्या तिघांना मिशा आहेत!"

"तरी मुलंच," म्हणत तो हसायला गेला आणि कळवळला.

सगळ्यांत शेवटी तो खुर्चीत बसला. बर्फातली चौकी सांभाळून आलेला हा माणूस – सुई दिसताच त्याने गच्च डोळे मिटले आणि माझ्या ॲप्रनचं टोक धरलं. दाढ निघाली, तरी सोडेना.

"झालं, कॅप्टनसाहेब."

"बधिरपणा उतरेपर्यंत धरून ठेवायचं असतं ना?"

"असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही... मला वाटलं."

मग तो टाके दाखवायला आला. टाके काढल्यावर टाक्यांची जागा दाखवायला आला. मग न दुखणारी दाढ दाखवायला आला, आणि मीही त्या ठणठणीत दाढेवर उगाच कितीतरी वेळ टॉर्च धरून राहिले.

अशात त्याची सीमेवर बदली झाली. दोन वर्षांसाठी. घरी सांगणं भाग होतं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "दिवसभर हुकूम सोडणारा माणूस घरी येताना हुकूम दाराबाहेर ठेवून येतो होय? तुझी रोज कवायत घेईल तो! जेवायला बोलाव. बघतो मी. नाही पटला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

तो आला. दाराशी बूट इतके सरळ रेषेत ठेवले, की बाबांनी गुपचूप पायानेच आपल्या चपला नीट केल्या.

ताटं वाढून झाली. "करा सुरुवात," बाबा म्हणाले.

"आधी तुम्ही, काका."

"आमच्याकडे पाहुण्याआधी कुणी घास घेत नाही."

"आणि आमच्याकडे सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय अधिकारी घास घेत नाही."

भाजीवरची वाफ विरत चालली. दोघंही हटेनात. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो बाबांचा निघाला.

"सगळ्यांना वाढलंय की!" बाबा कळवळून म्हणाले.

"काकूंचं ताट कुठाय?"

आई स्वयंपाकघराच्या दारात डाव घेऊन उभी होती. "मी बसेन हो मागून. सवय आहे मला... लग्न झाल्यापासूनची."

तो खाडकन उठून उभा राहिला. "चुकलंच माझं, काका. ह्या घराचे कमांडर तुम्ही आहात, असं मी धरून चाललो होतो. पण शेवटी जेवतात त्या काकू."

संपलं, मी मनात म्हटलं. दोन वर्षं कसली, आता दोन मिनिटंही नाहीत...

बाबांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग आईकडे. मग उठले आणि तिच्या हातातला डाव काढून घेतला.

"बस."

"अहो, पण–"

"बस म्हणतो ना! ...म्हणजे... बसतेस का?"

आई त्याच्या ताटावर बसली. पहिला घास घेतला आणि थांबलीच. "अगंबाई! माझी भाजी गरम असताना इतकी छान लागते? इतक्या वर्षांत एकदाही बोलला नाहीत ते!"

बाबा नुसते वाढत राहिले – निम्मं ताटात, निम्मं टेबलावर.

आई-बाबांचं झाल्यावर स्वयंपाकघरात जेवायचे आम्ही दोघंच उरलो. पातेल्याच्या तळाशी थोडासा भात होता.

"तुम्ही घ्या, डॉक्टर."

"नाही, तुम्ही."

"दोन वर्षं आहेत..." तो पातेल्याकडे बघत म्हणाला. "थांबाल?"

"एवढा गाल सुजलेला असून तुम्ही सगळ्यांचं होईपर्यंत थांबलात. मला तर काही दुखतही नाहीये." म्हणाले खरी, पण आवाज तेवढा दगा देऊन गेला.

बाहेरून बाबा ओरडले, "कॅप्टन, जेवलास का रे?" अहो-जाहो संध्याकाळीच कुठेतरी गळून पडलं होतं.

"नाही, काका!"

"मग जेव! हुकूम आहे!"

"अहो..." आईचा आवाज आला.

"म्हणजे... जेवतोस का?"

मी हसू दाबत दोघांसाठी एकाच ताटात भात वाढला. त्याने माझ्या बाहीचं टोक धरलं.

ह्या वेळी डोळे उघडे होते.