दहा, अकरा आणि तीन ओळींचा फॉर्म

दुकानाचं काचेचं दार तिने असं काही ढकललं, की भिंतीला टांगलेले चार्जर बराच वेळ डुलत राहिले. टेबलावर वाकून कुणाच्या तरी लॅपटॉपचे स्क्रू काढत बसलेल्या त्या तरुणाने मान वर केली. समोर एक मुलगी. कपाळाला चिकटलेली बट, बोटांना कसलीशी पांढरी भुकटी, आणि नाकाच्या शेंड्यावर राग.

"हा लॅपटॉप तुम्ही केलात?"

"काय... केला?"

"सत्यानाश!"

तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला. आपटणारच होती, पण स्वतःचा होता म्हणून शेवटच्या क्षणी हात हलका पडला. त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याला उगाच हसू फुटलं.

"हसू नका! माझे गेम कुठायत? सिनेमे कुठायत? काहीही उघडायला गेलं की पाटी येते, 'परवानगी नाही'. माझ्याच लॅपटॉपवर मला परवानगी नाही?"

"परवा एक गृहस्थ देऊन गेले होते," तो शांतपणे म्हणाला. "विंडोज अकरा, ऑफिसवाली आवृत्ती, सगळी कुलपं लावून. रीतसर फॉर्म भरून दिलाय त्यांनी."

हा फॉर्म म्हणजे त्या दुकानाची खासियत. डिस्क पुसायची असेल, तर गिऱ्हाईकाने आधी स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहायच्या. लॅपटॉप कशासाठी हवा? काय पुसायचं? काय ठेवायचं? तोंडी सांगितलेलं तो मनावरच घेत नसे. गावभर त्याला फॉर्मवाला म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

त्याने फाइलमधून कागद काढून तिच्यापुढे धरला. वळणदार, टपोरं अक्षर. कशासाठी: खात्याच्या परीक्षेचा अभ्यास. काय पुसायचं: सर्व गेम व करमणूक. काय ठेवायचं: काही नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे माझ्या दादाचं अक्षर आहे! आणि लॅपटॉप माझा आहे!"

दादा एका कार्यालयात हेडक्लार्क होता. बाबा गेल्यापासून घर त्याच्याच शब्दावर चालायचं. माणूस वाईट नव्हता हो, पण सगळ्यांचं भलं आपल्यालाच कळतं, यावर त्याचा गाढ विश्वास. बहीण दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायची. साच्यात मेण ओतायचं, दात बसवायचे, घासूनपुसून चकचकीत करायचे. हात इतका सफाईचा, की मोठमोठे डॉक्टर तिचंच काम मागून घेत. दादाला मात्र त्यात काही दिसत नव्हतं. "जन्मभर परक्यांचे दात घासत बसणार?" एवढंच. दोन महिन्यांनी त्याच्या खात्याची भरतीची परीक्षा होती. बहिणीने ती द्यायची, खुर्चीत बसायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं, तिचा अर्जही स्वतःच भरून टाकला होता. आड येत होता तो संध्याकाळचा दोन तासांचा खेळ आणि सिनेमा, आणि तिच्याकडे दिवसभरात स्वतःचे म्हणावेत असे तेवढेच दोन तास होते.

"तीन वर्षांची शर्यत होती माझी त्यात," ती म्हणाली, आणि आवाज एकदम खाली आला. "सत्तावीस गाड्या. एकेक जिंकून मिळवलेली..."

तो उठला, मागच्या कपाटातून एक काळी डिस्क काढून तिच्यापुढे ठेवली.

"सत्तावीस आहेत. मोजून घ्या."

तिने डिस्क दोन्ही हातांनी उचलली.

"अभ्यास करणाऱ्यांची बटणं अशी झिजत नाहीत," त्याने कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या चार बटणांवर बोट टेकवलं. अक्षरं पार पुसून गेली होती. "पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. फॉर्म एकाचा आणि बोटं दुसऱ्याची, एवढं कळलं मला. म्हणून पुसायच्या आधी सगळं उतरवून ठेवलं. पण विचारायला हवं होतं ना... लॅपटॉप कुणाचा, हेच विचारलं नाही. चुकलं माझं."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? तिने प्रयत्न करून पाहिला.

"ठीक आहे. मग मला विंडोज दहा टाकून द्या."

"दहा? अहो, तुमचं मशीन नवं आहे. त्याला अकराच शोभतं."

"दादाला अकरा हवं होतं ना? मला दहा."

"हे काय कारण झालं?"

"माझं कारण आहे. कोरा फॉर्म द्या."

त्याने फॉर्म दिला नाही. उलट स्टूल पुढे सरकवलं. "बसा. दहाला आता कंपनीकडून सुरक्षेची डागडुजी मिळत नाही. म्हणजे खिडकीला कडी नसलेली खोली. आणि सिनेमातला अंधार तुम्हाला अंधारासारखा दिसायला हवा की राखेसारखा? अकरामध्ये उजेड-सावली खुलते, गेमही पटकन उघडतात. फक्त ऑफिसवाली आवृत्ती नको, घरगुती पुरे. कुलपं काढली की झालं."

"आणि मी दहाच म्हणाले तर?"

"तर मी भांडेन."

"भांडा की! मला काय, सवय आहे."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले... जरा जास्तच वेळ. मग त्यानेच तोडगा काढला. मशीनमध्ये दोन डिस्क बसतात. एकीवर दहा, एकीवर अकरा. चालू करताना हवं ते निवडायचं. आठवडाभर घरी दोन्ही वापरायची, रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन यायचं, फरक लिहून द्यायचा आणि शनिवारी फैसला.

खरं तर फरक फोनवरही सांगता आला असता. हे त्याला ठाऊक होतं, तिलाही होतं, पण दोघांपैकी एकानेही तो विषय काढला नाही.

सोमवारी त्याने एकच सिनेमा दोन्हीकडे लावून दाखवला. पडद्यावर एक बाई भर पावसात पुलावर उभी होती. दहामध्ये पाऊस नुसता पडत होता. अकरामध्ये दिव्याखालून जाणारा प्रत्येक थेंब वेगळा दिसत होता, बाईच्या ओल्या बाहीवरची शिवणसुद्धा. ती नकळत पुढे झुकली. तिच्या बोटांना मेणाचा मंद वास होता. त्याला पावसापेक्षा तोच जास्त जाणवत होता.

"कसं वाटलं?"

"...बरं आहे," ती म्हणाली. खोटारडी!

मंगळवारी शर्यत लावली. पहिल्याच वळणावर त्याची गाडी कठड्याला धडकली.

"गाडी दुरुस्त करता येते का हो तुम्हाला?"

"हसून घ्या, दातवाल्या मॅडम. उद्या हरवतो."

बुधवारी तो पुन्हा हरला. गुरुवारी तर त्याने हरायची इतकी घाई केली, की तिने त्याच्या हातावर चापट मारली. "मुद्दाम हरायचं नाही! मी कुणाकडून फुकट काही घेत नाही." चापट मारलेला हात जरा वेळ तिथेच राहिला. मग दोघांनाही एकदम काहीतरी काम आठवलं.

आणि रोज निघताना ती न चुकता लिहून द्यायची. 'दहामध्ये आवाज जास्त खणखणीत.' 'दहामध्ये वळणं सोपी जातात.' 'निर्णय अजून होत नाही.'

घरात वहिनीच्या ध्यानात सगळं आलं होतं. ती फक्त गालात हसली. दादाच्या ध्यानात आलं तेव्हा मात्र तो हसला नाही. "लॅपटॉप दुरुस्त व्हायला सहा दिवस लागतात? आणि सोबत मालकीण पण लागते?"

शनिवारी ती आली, तेव्हा त्याने शर्यत लावली नाही. लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला.

"आज शेवटचा दिवस. दहा की अकरा?"

"तेच तर ना... दहामध्ये काल पुन्हा आवाज..."

"मशीन केव्हा, कशावर सुरू झालं याची नोंद ते स्वतःच ठेवतं," तो खाली बघत म्हणाला. "सोमवारनंतर दहा एकदाही सुरू झालेलं नाही."

चोरी पकडली गेली. दुसरी एखादी असती तर लाजली असती, ओढणीचं टोक चाळवत बसली असती. हिने हनुवटी वर केली.

"बरं मग? लिहिलं खोटं. अकरा मला पहिल्याच दिवशी आवडलं होतं. पण ते कबूल केलं असतं तर मंगळवारी यायला कारण काय होतं? मला यायचं होतं. तुमच्यासाठी यायचं होतं. घ्या, सांगितलं."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला मंगळवारीच कळलं होतं..."

"आणि गप्प बसलात?"

"बोललो असतो, तर बुधवारी तुम्ही आला असता का?"

ती काही म्हणणार, तेवढ्यात काचेचं दार उघडलं. या वेळी हळू, शिस्तीत. दारात दादा उभा होता.

"चल घरी," तो तिला म्हणाला आणि मग फॉर्मवाल्याकडे वळला. "आणि तुम्ही. मी फॉर्म भरून दिला होता. त्याप्रमाणे काम करा आणि लॅपटॉप माझ्या हातात द्या. ही परत इथे येणार नाही."

फॉर्मवाल्याने घसा साफ केला. भांडणाचा माणूस नव्हता तो. तरी त्याने ड्रॉवर उघडला, कोरा फॉर्म काढला आणि दादाच्या समोरून तिच्याकडे सरकवला.

"नियम बदललाय," तो म्हणाला. "ज्याचा लॅपटॉप, त्यानेच लिहायचं. दुसऱ्या कुणाच्या अक्षरातला फॉर्म मी घेत नाही."

"मी तिचा मोठा भाऊ आहे!"

"असाल ना. पण बटणं त्यांनी झिजवलीत."

तिने पेन उचललं. दादाकडे बघत बघतच उचललं. मग वाकून लिहिलं, एक शब्दही न खोडता, आणि कागद दादाच्याच हातात दिला. दादाने चष्मा सरळ केला आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागला.

"कशासाठी हवा: गेम आणि सिनेमे. बाकी कशासाठीही नाही. काय पुसायचं: दहा. दादाने भरलेला परीक्षेचा अर्ज. काय ठेवायचं: अकरा. माझं कवळ्यांचं काम. संध्याकाळचे दोन तास. आणि..."

दादा थांबला.

"वाच ना," ती म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "थांबलास का?"

"...आणि या दुकानातला हा माणूस."

फॉर्मवाल्याच्या हातातला स्क्रू टेबलावरून घरंगळत खाली गेला. तो उचलायला कुणीच वाकलं नाही.

"मी कवळ्या करते, दादा, आणि चांगल्या करते. तू आमच्यासाठी फार केलंस, ते मी कधी विसरणार नाही. पण माझे फॉर्म आता मी भरणार. सगळे."

"हे मला मान्य नाही," दादा म्हणाला.

"मान्यतेचा रकानाच नाहीये त्यात."

आणि गंमत म्हणजे दादाने खरोखर कागद उलटून पाहिला. नव्हता. खाली फक्त एक ओळ होती, 'काम स्वीकारणाऱ्याची सही'. फॉर्मवाल्याने हात पुढे केला, दादाच्या हातून कागद घेतला आणि त्या ओळीवर सही केली. ठसठशीत. मग कागद परत दादाच्या हातात ठेवला.

दादाने पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. बहिणीकडे पाहिलं. बोटांवरची पांढरी भुकटी, ताठ मान. लहानपणी औषध प्यायचं नसलं की ती अशीच उभी राहायची, आणि औषध नेहमी त्यालाच परत बाटलीत ओतावं लागायचं.

"तारीख घातली नाहीस," तो अखेर म्हणाला.

"काय?"

"तारखेशिवाय कागदाला काही किंमत नसते. इतकी वर्षं बघतोय मी." त्याने खिशातून स्वतःचं पेन काढून तिला दिलं. "घाल."

तिने तारीख घातली. दादाने पेन परत घेतलं, टोपण लावलं. "मला पटलेलं नाही," जाता जाता त्याने बजावलं. "जेवायला वेळेवर ये."

दार हळूच मिटलं. भिंतीवरचा एकही चार्जर हलला नाही. ती मात्र आता एकदम स्टुलावर बसली.

"दातवाल्या मॅडम... पाणी देऊ?"

"मॅडम नाही," ती म्हणाली. डोळे भरले होते आणि ती हसत होती. "अहो-जाहो पण बंद. सही केलीयस ना?"

"केलीय."

"मग ते दहा पुसून टाक. आणि शर्यत लाव."

त्याने दहा पुसलं. मग स्टूल तिच्या शेजारी ओढून बसला, अगदी खांद्याला खांदा लागेल असा. त्या झिजलेल्या चार बटणांवर तिची बोटं होती. त्याने क्षणभर विचार केला आणि स्वतःचा हात त्यांवर ठेवला.

"हात काढ. गाडी कठड्याला धडकेल."

"धडकू दे," तो म्हणाला. "हरवतो म्हणालो होतो ना तुला."

गाडी पहिल्याच वळणावर धडकली. तिने हात काढून घेतला नाही.